आमरीची लाल खूण

ज्यांच्या बागेत रोपं जगतात त्यांच्याकडे फुलं साठतात. ज्यांच्या बागेत मरतात त्यांच्याकडे किस्से साठतात! आमच्या चौघांकडे ते इतके झालेत, की लोक आता आमच्याकडे कलम मागत नाहीत, "नवीन काय मेलं?" असंच विचारतात.

चौघं म्हणजे मी, कामशेतला शिवणाचे क्लास घेणारी. अन्वरभाई, तिथलेच हार्डवेअरवाले. बेडश्याचे बाळूभाऊ, शेतकरी. आणि आमच्या म्होरक्या शैलाबाई. बाई मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या, पण ते फक्त शाळेला कळलंय, बाईंना अजून कळलेलं नाही.

बाईंचं घर कान्ह्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर चहा आणि नाद एकच, रानातलं फूल घरी आणून जगवायचं. गुलाब काय हो, नर्सरीतून कुणीही आणतं!

बागेत नियमही एकच. चपला घालूनच यायचं. एकदा तिथं विंचू निघाला होता, तेव्हापासून बाईंनी सांगून ठेवलंय, "माझ्या बागेत कुणी अनवाणी दिसला तर अंगठे धरून उभा करीन!" बाळूभाऊंचे केस पिकलेत, पण तेही घाबरतात.

* * *

सुरुवात सोनकीपासून झाली. डोंगरावर ही पिवळी फुलं कातळाच्या फटीतही हसत असतात. बाईंनी खत घातलेली माती, सावलीला नेट, वेळेवर पाणी असा सगळा थाट केला. दर रविवारी हजेरीसुद्धा!

"सोनकी एक?"

"गैरहजर," अन्वरभाई वाकून बघायचे.

"सोनकी दोन?"

"आजारी आहे बाई."

"तीन?"

अन्वरभाईंनी वाळकी काडी उचलून दाखवली. "बाई, हिचं नाव पटावरनं काढून टाका!"

* * *

मग अन्वरभाईंनी सीतेची आसवं आणली. निळी, चिमुकली फुलं, पठारावरच्या चिखलात येतात. चिखलासकट उचलून बिर्याणीच्या डेगीच्या झाकणात घालून आणली होती. भाभी घरी झाकण शोधत होत्या तो किस्सा वेगळा.

झाकण बाईंच्या ओट्यावर ठेवलं. मी मोबाइलवर माहिती वाचायला लागले, "ही वनस्पती मातीतले बारीक किडे पकडून खाते."

अन्वरभाईंनी झाकण परत उचललं. "नॉनव्हेज आहे? मग बाईंच्या घरी उपाशीच मरायची बिचारी!"

त्यांच्या घरीही ती दोन दिवसांत गेलीच. भाभींनी झाकण घासून जागेवर ठेवलं.

* * *

आणि मग आली आषाढ आमरी. जमिनीला चिकटलेलं एक गोल पान, त्यातून बोटभर दांडा आणि वर एकच पांढरं फूल. आषाढात येतं, म्हणून आषाढ आमरी. बाईंनी शाळेतल्या पोरांना हे फूल वर्षानुवर्षं डोंगरावर नेऊन दाखवलं. घरी मात्र कधी आणलं नाही. "ते आहे तिथंच शोभतं," म्हणायच्या.

तर एका सकाळी बाळूभाऊंचा फोन. "बाई, आमच्या चुलत्यानं माळ इकला. प्लॉटिंगचा रस्ता काढाया जेसीबी आलाय. तुमची ती पांढरी फुलं हायती तितं. न्यायची तर आत्ताच या!"

पोचलो तेव्हा जेसीबी घरघरत होता. त्याच्या ड्रायव्हरला, पोपटला, बाळूभाऊंनी चहा पाजून खाली बसवून ठेवला. आम्ही चौघं रांगत, उलथनी आणि चमचे घेऊन, गवतासकट मातीचे गड्डे सोडवायला लागलो. बाईंचा आवाज चढलेला, "हळू! धक्का लावू नका! आणि ही जागा कुणाला सांगू नका!" लोक येऊन तोडून नेतील ही त्यांची भीती.

रस्त्यावर बघे जमले होते. शिकलेली माणसं, गुडघ्यावर, चमच्यानं खणतायत, वर जागा सांगू नका म्हणतायत. गावानं काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी पोपटचा बाळूभाऊंना फोन. "भाऊ, मला काय काम राह्यलंच न्हाई. गुप्तधनापायी लोकांनी रात्रीत समदा रस्ता खणून ठेवलाय!"

* * *

गड्डे बाईंनी कुंपणाजवळच्या कोपऱ्यात लावले. खत नाही, लाड नाहीत, माळावरचीच माती. तरी एकेक करत कुजले आणि एकच आमरी तगली. त्या दिवशी बाईंनी आम्हाला चहासोबत पेढे दिले.

पाऊस सरला आणि तिचंही पान पिवळं पडून नाहीसं झालं. बाई ओट्यावर पाठ करून बसल्या. त्या रडतायत हे आम्हाला कळत होतं. शेवटी मी घाईघाईनं मोबाइल काढला. "बाई, मेली नाही! खाली कंद असतो. झोपते ती, पुढच्या आषाढात उठते."

झालं! बाई रोज सकाळी त्या रिकाम्या मातीशेजारी खुर्ची टाकून बसायला लागल्या. शेजारच्या मंदाताई कुंपणावरून बघायच्या. त्यांना राहवेना. त्यांनी पुण्याला बाईंच्या मुलाला, संदीपला, फोन केला. तो बीपीचं मशीन घेऊनच आला.

"आई, काय करतेस इथं?"

"हळू बोल, झोपलीय ती."

"कोण?"

"आमरी."

संदीपनं मातीकडे पाहिलं, मग मंदाताईंकडे. "कधीपासून झोपलीय?"

"भाद्रपदापासून. आता आषाढातच उठेल!"

संदीपनं बीपीचा पट्टा काढला. बाईंनी कंद, त्याला पोसणारी मातीतली बुरशी, सगळं फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. तो मान डोलावत राहिला आणि संध्याकाळी म्हणाला, "आई, आता एकटीनं राहायचं नाही. घर विकू, तू माझ्याकडे चल."

बाई भांडल्या, पण गुडघे खरंच दुखत होते. कबूल झाल्या, एका अटीवर. आमरी उठलेली बघितल्याशिवाय कान्हे सोडणार नाही.

* * *

मंदाताईंना वाईट वाटलं. बाई बिचाऱ्या रिकाम्या मातीकडे बघत बसतात, निदान कोथिंबीर तरी बघतील, म्हणून त्या एकदा खुरपं आणि धने घेऊन आल्या! बाईंनी वेळेवर पाहिलं म्हणून कंद वाचला.

"इथं ठळक खूण पाहिजे," अन्वरभाई म्हणाले. कंदाशेजारी एक उभट दगड रोवला आणि दुकानात उरलेला रेड ऑक्साइडचा लाल रंग त्याला दोन हात मारला. "आता आंधळ्यालाही दिसेल!"

दिसला. लोकल पकडायला जाणाऱ्या सगळ्यांनाच दिसला. मंगळवारी दगडावर कुंकू होतं, शनिवारी नारळ. मग परीक्षा आल्या आणि फाटकाबाहेर पोरांच्या चपलांची रांग लागली.

बाईंचा जन्म पोरांना विज्ञान शिकवण्यात गेलेला. त्या ओट्यावरून ओरडल्या, "अरे, चपला घाला आधी! विंचू चावेल! हा देव नाही, नुसती खूण आहे!"

हार घेऊन आलेल्या एका मावशींनी शांतपणे मान हलवली. "व्हय बाई. देव तरी आनि काय असतो?"

त्यांनी दगडाला हार घातला आणि बाईंना प्रसादाचं खोबरंही दिलं. अन्वरभाई त्या महिन्यात रविवारच्या चहाला येताना मागच्या दारानं यायचे.

* * *

घराला गिऱ्हाईक मिळालं. पिंपरीचे एक साहेब. कागद झाले. बाईंना आषाढ संपेपर्यंत राहायला त्यांची ना नव्हती. फक्त पाऊस लागायच्या आत कोपरा सपाट करून पार्किंगचे पेव्हर ब्लॉक बसवायचे होते. कोपरा तोच!

बाई कधी कुणापुढे हात न पसरणाऱ्या. त्या साहेबांना म्हणाल्या, "एवढी वीतभर जागा सोडा. फूल आहे तिथं."

साहेब भला माणूस. मातीकडे बघून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "कुठं आहे ताई?"

आता दाखवणार काय! मी म्हटलं, कंद उकरून पुण्याला नेऊ. बाईंनी मान हलवली. "एकदा आणली ती जगली हेच नशीब. पुन्हा उचलली तर मरेल. आणि संदीपच्या आठव्या मजल्यावर तिला कुठला माळ देऊ?" एवढं बोलून त्या आत जाऊन भांडी आवरायला लागल्या.

ज्येष्ठाच्या शेवटी जेसीबी आला. आम्ही चौघंही कोपऱ्यात जाऊन उभे होतो, करण्यासारखं काहीच नसताना. ड्रायव्हर खाली उतरला तर पोपट!

"तुमीच ना त्या धनवाल्या बाई?" म्हणत तो हसत पुढं आला आणि एकदम थबकला. लाल दगड, कुंकू, सुकलेले हार. त्यानं चपला काढल्या आणि हात जोडले. "साहेब, हितं मी बकेट लावनार न्हाई."

"अरे, साधा दगड आहे तो!"

"असंल. पन मला लेकरंबाळं हायती."

साहेब वैतागले. दुसरा जेसीबी बोलवू म्हणाले, मग त्यांनाच ते नको वाटलं असावं. ते बाईंकडे वळले. "ताई, घर तुमचं होतं. तुम्ही शिकलेल्या, शिक्षिका. तुम्ही म्हणाल ते खरं. हा देव आहे की दगड?"

सगळे बाईंकडे बघायला लागले. कुंपणापलीकडून मंदाताई, रस्त्यावरून स्टेशनला निघालेली माणसं. अन्वरभाई आपल्या हातांकडे बघत होते, जणू रंग अजून लागलेला होता. बाई खोटं बोलत नाहीत हे आख्ख्या कान्ह्याला माहीत. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं एकदा मातीकडे पाहिलं.

दगडाच्या पायथ्याशी, कुंकवाचा थर फोडून, नखाएवढं गोल हिरवं पान वर आलं होतं.

बाईंनी तोंड मिटलं. साहेबांकडे पाहिलं, पोपटकडे पाहिलं. मग पदर सावरला, एका हातानं माझा खांदा धरला आणि त्या बागेत, सगळ्यांच्या देखत, आपल्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.