बाकाची उजवी बाजू

नवी गत शिकायला घ्यायची वेळ आली की फिलूबाय आधी पियानोची विचारपूस करायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पट्टी दाबत जायची आणि कोणती बोलते, कोणती मुकी झाली, ते ऐकायची. ठाण्याच्या खाडीची हवा खारट. पावसाळ्यात लाकूड फुगे आणि दाबलेली पट्टी वर येत नसे. मग ती वह्या चाळून, त्या मुक्या पट्ट्यांवाचून जिचं फारसं अडणार नाही अशी गत निवडायची. "आपल्याला आवडून काय उपेग?" म्हणायची. "पेटीला जमलं पायजे." पियानोला ती पेटीच म्हणे.

तरुणपणी ती रेल्वेच्या पुलाच्या कामावरच्या एका गोऱ्या साहेबाकडे आया होती. मुलं झोपली की मडमेला सोबत लागे, म्हणून मडमेने तिला शेजारी बसवून वाजवायला शिकवलं. ती मंडळी विलायतेला परतली तेव्हा पियानो आणि वह्यांची ट्रंक हिच्याकडे राहिली. फिलूबायने लग्न केलं नाही. चर्चमागच्या कौलारू घरात ती आणि पियानो. आमची वस्ती शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची. ऐकायला कोणी थांबत नसे. बायका पियानोला फिलूबायची गोरी सासू म्हणत.

मी तिचा एकुलता शिष्य. शाळा संपवून नोकरीच्या आशेवर घरी बसलो होतो, तेव्हा तिच्या दारात गेलो. तिने मला नखशिखांत न्याहाळलं. "पेद्रू, हात धुवून ये. मासलीचा वास पट्टीला लागला तं उद्या मांजर वाजवील." नियम एकच होता. हातातली गत पुरी झाल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. "अर्धी टाकलेली गत घरात फिरते," असं ती अगदी गंभीरपणे सांगे.

एका हिवाळ्यात झाडून सगळ्या पट्ट्या बोलू लागल्या. ती इतकी खुशीत की म्हणाली, या खेपेला तू निवड. मी ट्रंकेच्या तळाशी हात घालून चार हातांनी वाजवायची एक गत काढली. तिने ती माझ्या हातातून घेऊन परत ठेवली. मडम गेल्यापासून ती गत उघडलीच नव्हती.

"तिला दोन माणसं लागतात रं. माणूस मिलतो, टिकत नाय."

मी आहे ना, म्हणालो. तिने वही पुन्हा ट्रंकेतून काढली. मग बाकाच्या डाव्या टोकाला सरकली. उजवी बाजू मडमेची, ती मला मिळाली. वरचे सूर माझे, खालचे तिचे.

निम्मी गत बसली आणि मला कल्याणला मालधक्क्यावर कारकुनी मिळाली. कल्याण काही परमुलूख नव्हे. दर रविवारी यायचं ठरलं. काही रविवार आलोही. नाताळात एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर मला वाजवायला बसवलं. वाहवा झाली. कुणाकडे शिकलास, असं विचारलं. मी म्हणालो, एका मडमेकडे.

इतकंच. ते कुणाला कळलंही नाही. पण पुढच्या रविवारी ठाण्याच्या गाडीत पाय टाकवेना. काम फार आहे, असा निरोप धाडला. पुढे निरोपही धाडेनासा झालो. आज पन्नाशीला आलो. बायकोलासुद्धा हे सांगितलेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी भाचीच्या बाप्तिस्म्याला ठाण्यास गेलो. सांजेला चर्चमागच्या वाटेने चाललो होतो तर तीच गत ऐकू आली. फक्त खालचे सूर. जिथे वरच्या हातांनी एकट्यानेच वाजवायचं, तिथे ती तेवढा वेळ थांबून राही आणि मग पुढे जाई. खिडकीतून दिसलं, ती बाकाच्या डाव्या टोकाला बसली होती. उजवी बाजू मोकळी. माझी बोटं कुंपणाच्या काठीवर चालू लागली. एकही सूर विसरलो नव्हतो. पण आत गेलो नाही.

त्याच वर्षी ती गेली. मूठमाती देऊन आम्ही तिच्या घरी आलो. शेजारच्या इनासबायने सांगितलं, की पट्ट्या बऱ्या असल्या तरी फिलूबाय नवी गत म्हणून घेत नव्हती. विचारलं तर एकच उत्तर, "पेद्रूने निवडलेली पुरी होऊं दे."

पियानो उघडाच होता. इनासबाय पाण्याचा तांब्या घेऊन आली. "हात धू आन् वाजव जरा. तिला बरं वाटंल."

मी हात धुतले नाहीत.