तळहातावरचा रस्सा

हॉटेलात जेवायला येणाऱ्या माणसांचा मला राग येतो. चौदा वर्षं मी जाम गावच्या चौरस्त्याजवळच्या एका हॉटेलात आचारी होतो आणि स्वयंपाकघराच्या जाळीच्या खिडकीतून मी त्यांना रोज जेवताना बघत होतो. कोणी नागपूरहून आलेले, कोणी हैदराबादकडे निघालेले, कोणी चंद्रपूरला लग्नाला चाललेले. गाडीतून उतरून आळस देतात, हात न धुता कांद्याची चकती तोंडात टाकतात, आणि ताट यायला दहा मिनिटं लागली की वेटरकडे असं बघतात जणू त्यानं त्यांचं काही चोरलं आहे. मग अर्धी वाटी रस्सा तसाच टाकून उठतात. ती वाटी परत आत येते. सकाळी सहापासून खोबरं, खसखस, दगडफूल भाजून, वाटून, तासभर परतून केलेला तो रस्सा मोरीत जाताना मी बघायचो, आणि बाहेर तो माणूस दात कोरत फोनवर हसत असायचा.

आत काय चालतं हे त्यांना माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. उन्हाळ्यात आमच्या भट्टीपाशी घाम अंगावर सुकतो आणि त्याचं पांढरं मीठ सदऱ्यावर उमटतं. माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत केस उरलेले नाहीत. पिंढऱ्यांच्या शिरा गांडुळासारख्या वर आल्या आहेत. दुपारचं जेवण चार वाजता, तेही उभ्यानं, पालथ्या कढईवर ताट ठेवून. राहायला हॉटेलच्या मागे एक टिनाची खोली होती. पंधरा दिवसांतून एकदा पवनारला घरी जायचो, तेव्हा बायको आधी अंघोळ करायला लावायची. मुलगी लहान असताना मला ‘फोडणीवाले बाबा’ म्हणायची. सगळे हसायचे. मलाही हसावं लागायचं.

ज्या वर्षी सगळ्यांना तो ताप आला, त्या वर्षी मलाही आला. हॉटेल बंदच होतं. ताप गेला, अंगात ताकद आली, पण वास गेला तो गेलाच. बाकीच्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला. माझा आला नाही. भावाच्या वावरातली मेथी घरी निवडायला घेतली तर हातात नुसता ओला पाला. नाकाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, “काम काय करता?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं मिरचीचा धूर नाकात गेला आहे, वरून हा ताप, आता येईल याचा भरवसा नाही, म्हणाले. वासाबरोबर चवही गेली होती. जिभेला खारट, आंबट, तिखट एवढंच कळायचं, तेही कुणी भिंतीपलीकडून सांगितल्यासारखं.

हॉटेल पुन्हा सुरू झालं तेव्हा मी हे सेठला सांगितलं नाही. आचाऱ्याला वास येत नाही, हे कुणाला सांगणार? मला दुसरं काही येत नव्हतं. मी डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक करायला लागलो. तेलाचा आवाज कधी बदलतो, कांद्याचा रंग कधी पुढे सरकतो, तर्री कधी सुटते, सगळं बघून आणि ऐकून. दोन आठवडे निभलं.

मग एक दिवस मी मोठ्या कढईत खोबरं भाजत होतो. मागच्या मोरीवर भांडी घासणारी मावशी ओरडली, “अरे, जळून राह्यलं ना! कुठी ध्यान हाये तुयं?”

मी कढईकडे बघितलं. खालचा थर काळा झाला होता. वरचा अजून पांढरा दिसत होता, म्हणून मला कळलं नव्हतं. ती मोरीवरून, दहा पावलं लांबून, साबणाच्या वासातून ओळखून बसली होती आणि मी कढईवर वाकून उभा होतो.

ती हात पुसत आली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुले वास येत नाई.”

हा प्रश्न नव्हता. मी म्हणालो, “मावशी, कोनाले सांगू नोको वं.”

“मले काय करायचं हाये सांगून,” ती म्हणाली आणि परत गेली.

ही मावशी पन्नाशी ओलांडलेली, समुद्रपूर रस्त्यावरच्या एका गावातून पायी यायची. कुणाशी गोड बोलायची नाही. वेटर तिला टाळायचे. मलाही ती आवडत नव्हती. करपलेलं पातेलं पुढ्यात आलं की ती आम्हा सगळ्यांचा उद्धार करायची, आणि तो ऐकत ऐकत कांदा चिरावा लागायचा. पण दुसऱ्या दिवशी रस्सा उकळला तेव्हा मी तिच्याकडेच गेलो. दुसरं कोण होतं? मी म्हणालो, “जरा पाह्यतं का चाखून?”

तिनं ओला हात साडीला पुसला आणि डावा तळहात पुढे केला. मी पळीनं त्यावर चार थेंब सोडले. तिनं चाटले. पळीला तिनं कधी तोंड लावलं नाही, बोट बुडवलं नाही. हे मी आज इतकं सांगतो आहे, कारण जेव्हा सांगायला पाहिजे होतं तेव्हा सांगितलं नाही.

“मीठ कमी हाये. आलं जास्त पडलं.”

त्या दिवसापासून रोज सकाळी अकराच्या सुमारास हे चालायचं. पाटवडीचा रस्सा, शेवभाजी, डाळ, भरीत, सगळं आधी तिच्या तळहातावर जायचं. दीड वर्ष. चांगलं झालं, असं ती एकदाही म्हणाली नाही. काही बोलली नाही की मी समजायचो, जमलं. कधी म्हणायची, “हे देऊ नोको कोनाले, फेक.” मी फेकायचो. बाहेर गिऱ्हाईक सेठला सांगायचे की तुमच्या रश्श्याला तोड नाही, आणि सेठ मला बाहेर बोलावून दाखवायचा. मी हात जोडून उभा राहायचो. मागे मोरीवर पाण्याचा आवाज चालू असायचा. तिचं नाव घ्यावं असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं असतं तरी घेतलं नसतं.

पुढे काजू आणि तेल कमी भरायला लागलं, म्हणून सेठनं स्वयंपाकघरात कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात काजूचा चोर सापडला नाही. मावशी सापडली.

दुपारची गर्दी ओसरल्यावर सेठनं सगळ्यांना आत बोलावलं. दोन वेटर, तंदूरवाला, मी, मावशी. त्यानं फोन समोर धरला. त्यात आवाज नव्हता. मावशी पातेल्यापाशी येते, हात तोंडाला लावते, जाते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कॅमेरा अशा कोपऱ्यात होता की मी खांबाआड जायचो. पळी दिसत नव्हती. नुसती ती दिसत होती.

“रोज खाते का बाई तू पातेल्यातलं?” सेठ म्हणाला. “भांडे घासनारीचा हात अन्नात? गिऱ्हाइकाले समजलं तं कोन येईन इथं जेवाले?”

त्यानं जात काढली नाही. काढायची गरजच नव्हती. तंदूरवाल्यानं मान खाली घातली, एक वेटर हसला. तो तिच्याच गावचा होता.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ, सरळ. आत्ता बोलायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि त्याच्या मागोमाग, बोललो तर मी संपलो. मी गॅसची शेगडी पुसायला लागलो. पुसलेली शेगडी.

“मले भूक लागे,” ती म्हणाली. “म्हनून खाल्लं.”

सेठनं तिला त्याच वेळी काढलं. तिनं चपला घातल्या, पदर खोचला आणि मागच्या दारानं गेली.

त्यानंतर मी तीन आठवडे आंधळ्यासारखा स्वयंपाक केला. दिवस उन्हाचे होते, वीज तासन्‌तास जायची. कांदा-टमाट्याचं वाटण मोठ्या डब्यात फ्रिजमध्ये असायचं. एक दिवस ते आंबलं. रंग लालभडक, वर तेल छान तरंगत होतं. मी त्याचीच शेवभाजी केली आणि सात जणांच्या एका टेबलावर पाठवली.

पाच मिनिटांत बोलावणं आलं. गॉगल डोक्यावर चढवलेला एक माणूस खुर्ची मागे सारून उभा होता. त्याची बायको लेकरांच्या पुढची ताटं ओढून घेत होती. आजूबाजूची टेबलं जेवायची थांबली होती. सेठ गल्ल्यावरून उठून आला होता.

“तू बनाया है?” त्या माणसानं विचारलं आणि वाटी माझ्या नाकाशी धरली. “सूंघ. सबके सामने सूंघ.”

मी वास घेतला. काहीच नाही. गरम वाफ नाकात गेली, तेवढंच. मी अंदाजानं तोंड वाकडं करायला पाहिजे होतं, ते सुचलं नाही.

“अच्छा है ना?” तो म्हणाला. “तो खा.”

मी त्याच्याकडे बघितलं. मागच्या टेबलावरची एक पोरगी फोन वर धरून माझं शूटिंग घेत होती. इतका तिरस्कार मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही, आणि तरी तो माणूस खरं बोलत होता. मी त्याच्या लेकरांना नासकं खाऊ घालत होतो.

मी सेठकडे वळलो आणि म्हणालो, “मले वास येत नाई. दोन वर्षं झाले. मावशी चाखून पाहे मायासाठी. मी तिच्या हातावर टाको, मंग ती सांगे. ती खाये नाई.”

सेठनं ती वाटी त्या माणसाच्या हातातून घेतली. मग म्हणाला, “हे त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?”

सेठबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं, पण विचारायचं तेच त्यानं विचारलं. मी कमरेची गाठ सोडली. एप्रन काढला. त्यानं थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या गावी गेलो. ती ओट्यावर बसून चिंचा फोडत होती. पुढ्यात गोणपाट, एकीकडे चिंचोके, एकीकडे गर. तिनं मला बघितलं आणि हात थांबवला नाही. बस म्हणाली नाही, पाणीही दिलं नाही.

“मी सेठले सांगतलं सगळं,” मी म्हणालो.

“कवा?”

“काल.”

“काल,” ती म्हणाली. एक चिंच फोडली. “त्या दिवशी भूक लागे म्हनलं मी. त्याच्या आधी तुया तोंडाकडे पाह्यलं. तुले बोलाले जागा देल्ली होती मी. तू शेगडी पुसून राह्यला होता.”

“मी भेलो, मावशी.”

“भेला तं भेला. पन चोट्टी मी झाली. तो वेटर गावभर सांगत फिरला. या तीन हप्त्यांत गावात दोन लग्नं झाले, पोया लाटाले कोनी बलावलं नाई मले. पंचवीस वर्षं लाटल्या मी या गावात.”

मी म्हणालो, “मी सांगतो गावात. तू म्हनशीन त्याले सांगतो.”

मला वाटलं ती राहू दे म्हणेल. ती उठली, हात झटकले आणि चपला घातल्या. “चाल मंग. आत्ताच चाल.”

ती पुढे, मी मागे. पिठाच्या चक्कीपाशी दळणाला आलेल्या सहा-सात बायका होत्या, चक्कीवाला होता, दोन म्हातारे पारावर होते. चक्की चालू होती. मावशीनं चक्कीवाल्याला ती बंद करायला लावली. मग बाजूला झाली आणि मला म्हणाली, “सांग.”

मी सांगितलं. मला वास येत नाही, मी आचारी आहे, मी लपवलं, हिच्या जिभेवर दीड वर्ष पगार खाल्ला, आणि हिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. एक म्हातारा हसला. म्हणाला, “बिना नाकाचा सैपाकी!” त्यावर दोन बायकाही हसल्या. एक जण मावशीला म्हणाली, “आमाले त वाटलंच होतं, तू तशी नाई.” मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

“झालं,” मावशी म्हणाली. “लाव बा चक्की.”

वेशीपर्यंत ती माझ्याबरोबर आली. सोबत म्हणून आली, असं मला वाटत नाही. मी जातो की नाही हे बघायला आली असेल. मी म्हणालो, “मावशी, कधी काई लागलं तं...”

“तू परत येजो नोको इकडे,” ती म्हणाली. “तुले पाह्यलं का मले त्या हाटेलाचा वास येते.”

मी रस्त्यावर येऊन वर्ध्याची गाडी पकडली. आता पवनारला भावाच्या वावरात भाजीपाल्याचं काम करतो. कोथिंबीर खुडतो, जुड्या बांधतो, बुधवारी-शनिवारी बाजारात माल घेऊन जातो. पिंढऱ्यांना थोडा आराम आहे. घरी स्वयंपाक बायको करते आणि मी त्यात पडत नाही. मागच्या महिन्यात मुलगी बारावी पास झाली, तिला हॉटेलात जेवायचं होतं. आम्ही वर्ध्याला गेलो. मी पनीर चावलं, पोळी चावली, पाणी प्यालो. मुलीनं अर्धी वाटी भाजी टाकली. मी तिला ती संपवायला लावली. तिचे डोळे भरून आले, पण मी ऐकलं नाही. बायको म्हणाली, “आजच्या दिवशी तरी कायले असं करता?” समोरचं स्वयंपाकघराचं दार हलत होतं, मधूनमधून आतला धूर आणि एका बाईचा कोपर दिसत होता.