शेवटचं कडवं

श्रावणात माझं तोंड डावीकडे वाकडं झालं. लेकानं बिदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, वेळेवर आलात. पंधरा दिवसांत तोंड सरळ झालं, हात-पाय पहिल्यासारखे चालू लागले. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. पण मला एकट्याला ठाऊक होतं की माझं काहीतरी गेलं आहे. पद म्हणायला लागलो की मधेच एखादा शब्द सापडत नसे. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो रिकामाच वर यावा, तसं होई. ही भीती मी कोणाला बोललो नाही. म्हशीला वैरण टाकताना एकेक पद पुटपुटून बघायचो. आज हे आहे, उद्या राहील का? आमचा देव मल्लण्णा नुसता बघत बसलाय, असंही मनात येई.

मी चौथी नापास माणूस. पण पदं मी स्वतः रचली, शंभराच्या वर. कागदावर एक नाही. आमचे वडील देवापुढे ढोल वाजवायचे, त्या ठेक्यावर मी चालायला शिकलो. मोहरमात अलाव्याच्या जाळाभोवती म्हणतात त्या रिवायती, म्हणजे शोकाची गाणी, ऐकायला आमची अक्का मला कडेवर घेऊन जायची, ती चाल अजून माझ्या गळ्यात आहे. पुढं कलबुर्गीकडचा एक एकतारीवाला कन्नड तत्त्वपदं म्हणत गावोगाव फिरायचा. त्याच्यामागं मी तीन दिवस मेंढरं सोडून गेलो आणि वडिलांचा मार खाल्ला. या सगळ्यांचं मिळून माझं पद होतं. मेंढरांमागं चालता चालता एक ओळ सुचली की दिवसभर तीच जिभेवर घोळवायची, गुळाच्या खड्यासारखी. त्यापरीस मोठं सुख मला दुसरं माहीत नाही.

पण मी गर्वाचाही मोठा. एकदा एका जत्रेत एक जण माझं पद स्वतःचं नाव घालून म्हणाला. मी त्याच्या हातातले टाळ हिसकले होते. तेव्हापासून पदाचं शेवटचं कडवं, ज्यात रचणाऱ्याचं नाव असतं, ते मी कोणालाच शिकवलं नाही. मागं झील धरणारे शरणप्पाअण्णा माझ्यासोबत चाळीस वर्षं गायले, पण त्यांनाही धृपदच ठाऊक. दवाखान्यातून आल्यावर सून म्हणाली, “मामा, तुमची पदं मोबाईलमदी भरून ठिवू का?” मी म्हणालो, “माझी पदं काय ज्वारी हाय व्हय, पोत्यात भरायला?” ती चुलीकडे वळली. भाकरी मात्र त्या दिवशी जरा करपलीच.

आमच्या गावात मल्लण्णाची पालखी उचलायच्या आधी एक पद म्हणायची रीत आहे. ते पूर्ण झालं की मगच पालखी हलते. पद मधेच तुटलं आणि ते पुरं करणारा कोणी निघाला नाही, तर पालखी तशीच आत जाते, त्या वर्षी गावातून फिरत नाही. नवसाची माणसं उंबऱ्यावर वाट बघत राहतात. असं झालेलं मी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. ते म्हणायचा मान बरीच वर्षं माझाच, दरवर्षी मी वेगळं पद म्हणायचो. शरणप्पाअण्णा म्हणाले, “औंदा दुसऱ्याला म्हणू दे की. जीव धडधडायलाय तुझा, मला दिसायलंय.” मी म्हणालो, “तुमी झील धरा, माझा जीव मी धरतो.”

पालखीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी उभा राहिलो आणि पुष्कळ वर्षांत न म्हटलेलं एक जुनं पद धरलं. भंडाऱ्यानं अंगण पिवळं झालं होतं.

माळावरल्या देवा, तुला ऊन लागतंय का रं,
माझ्या घोंगड्याची सावली तुला पुरतीया का रं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरंही झालं. चौथ्याला, म्हणजे शेवटच्याला, मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. माझ्या नावाचं कडवं, आणि तेच नाही. अण्णांनी धृपद पुन्हा धरलं, मला वेळ मिळावा म्हणून. पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा धरताना त्यांचा आवाज कापला. पालखीचे भोई एकमेकांकडे बघू लागले.  मी मल्लण्णाकडे बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा मनात म्हणालो, देवा, माझ्यानं होत न्हाई. तू बघ.

तेवढ्यात पायरीकडून एका बाईचा आवाज आला. नारळ-भंडारा विकायला बसलेली, गावात कधी न दिसलेली, पन्नाशीची, कपाळावर मळवट. टोपली मांडीवरून खाली न ठेवताच ती म्हणत होती:

मेंढरं सारी मोजली, मोजणारा राहिला बाहेर,
मेंढका म्हणे मल्लण्णा, मलाबी कळपात घे रं.

“येळकोट येळकोट!” असा गजर झाला. पालखी उचलली गेली, वाजतगाजत वेशीकडे निघाली. मी तिथंच खाली बसलो. कडवं माझंच होतं. फक्त माझं नाव होतं तिथं ‘मेंढका’ आला होता.

ती बाई माझ्याजवळ आली, पाण्याचा तांब्या दिला. “अप्पा, लई गोड म्हणलाव. शेवट इसरलाव जरा, व्हतंय म्हातारपणी.”

मी विचारलं, “तुला कुठून येतंय गं हे?”

“माझं माहेर चिटगुप्प्याकडं. आईच्या रानात एक मेंढका खतासाठी मेंढरं बसवायला आलता. रोज सकाळी हेच म्हणायचा म्हणे. आई खुरपत खुरपत शिकली. पदातलं त्याचं नाव तिला लांबून नीट ऐकूच आलं न्हाई, म्हणून मेंढका. आमच्यात समद्या बाया म्हणत्यात. तुमाला पाठ करून देऊ का?”

शरणप्पाअण्णा तिला सांगायला निघाले, “अगं बाई, हाच तो...” मी त्यांचा हात दाबला. “शिकव माय,” मी म्हणालो. आणि मल्लण्णाच्या पायरीवर बसून माझंच कडवं मी तिच्याकडून शिकलो. दोन वेळा चुकलो. तिसऱ्यांदा ती हसली, “आता जमलं!”

ते कडवं रचलं तेव्हा ओळ चांगली जमली एवढंच मला वाटलं होतं. तिचा अर्थ त्या पायरीवर कळला. जन्मभर मी मोजत बाहेर उभा होतो: कोणी माझं पद चोरलं, कोणी नाव घेतलं. आणि देवानं ते पद माझ्या हातून कधीच सोडवून परक्या रानात ठेवून दिलं होतं. ती बाई त्याच दिवशी, त्याच पायरीवर कशी बसली, याचा उलगडा मी करत नाही. मी फक्त हात जोडतो.

आता सून दर रविवारी मोबाईल घेऊन समोर बसते. शब्द अजून गळतात, भीती अजून आहे. काल एक अख्खं पद सापडलं नाही. मी तिला म्हणालो, “असू दे पोरी, कुठल्यातरी रानात असंल.” आणि पुढचं पद धरलं.