घड्याळ पुढे की मागे

परदेशातल्या क्ष-किरण लेसरवर प्रयोगासाठी आमच्या गटाला पाच दिवस मिळाले, आणि नेमका माझाच व्हिसा अडकला. माझे गाईड, म्हणजे सर, तिकडे यंत्रापाशी. मी मुलुंडला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. तिकडची रात्र ती आपली दुपार. पाचव्या दिवशी सरांनी फोनवर सांगितलं, आपल्या चारपर्यंत काही दिसलं नाही तर हा रेणू सोडून द्यायचा. म्हणजे माझ्या पीएच.डी.ची वाटच लागली.

आम्हाला रेणूतले इलेक्ट्रॉन हलताना बघायचे होते. एक झोत त्यांना धक्का देतो, मागून क्ष-किरणांचा झोत येऊन त्यांना टिपतो. हा दुसरा दर वेळी जरासा लवकर नाहीतर उशिरा पोचतो. किती, ते यंत्र आकड्यात सांगतं. तेवढी दुरुस्ती करून मी लाखो नोंदी एकावर एक रचत होते, आणि पडद्यावर नुसती गिचमिड.

आई शेजारी मटार सोलत बसली होती. काय अडलंय, असं तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खेकसलेच. मग वरमून सगळं सांगितलं. आपलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं ना, तसंच समज, म्हटलं. आकडा वजा करायचा, झालं.

ती शेंग हातात धरून थांबली.

"आपलं पुढे आहे हे आपल्याला ठाऊक आहे गं. तिकडचं पुढे आहे की मागे, कुणाला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. जन्मभर भिंतीकडे बघून वजाच करत आले, तिथेही तेच केलं. कसली डोंबलाची शास्त्रज्ञ मी! सरांना फोन लावला, त्यांनी यंत्रावरच्या माणसाला विचारलं. उलटं होतं, आकडा मिळवायचा होता. मी एक चिन्ह बदललं. साडेतीनला पडद्यावर स्वच्छ लाट उठली. इलेक्ट्रॉन रेणूच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाऊन परत येत होते.

चूक कुणाला सापडली, सरांनी विचारलं. मला, असं अगदी ओठावर आलं होतं. पण आईचं नाव सांगितलं. त्यांनी तिला फोन द्यायला लावला आणि बराच वेळ तिचे आभार मानले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते राहू द्या हो," ती म्हणाली. "दोन वर्षं ही पोरगी धड जेवली नाहीये. आता जेवेल ना?"

मला तिचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. ताट घेतलं आणि पोटभर जेवले.