कोणाचा रे बापा तू?

फुलसावंगीच्या स्टँडवर नवा माणूस उतरला आणि किसनरावाच्या तावडीतून सुटला, असं कधी झालं नाही. पानठेल्यापाशी गाठून पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाचा रे बापा तू?" मग गाव, आजोळ, आत्याचं सासर असं खोदत खोदत चहा येईस्तोवर तो नातं काढायचाच. आणि नातं निघालं की जेवल्याशिवाय सोडायचा नाही. गावातल्या किती सोयरिकी त्याच्या जिभेवर जुळल्या! सारा मुलूख आपलाच, अशी त्याची समजूत. भली होती हो ती समजूत. तिनेच घात केला.

अमरमामाने पुण्याहून भाचीसाठी टीव्हीला जोडायचा, कॅमेरावाला गेमचा डबा आणला. किसनरावाची लेक खुशी बारा वर्षांची. हेडफोन लावून कुठकुठल्या पोरांशी बोलत खेळायची. किसनरावाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरगी डोळ्यांसमोर, टीव्ही घरात, मग धास्ती कशाची?

एका दुपारी खुशी हेडफोन घेऊन बापाकडे आली. तोंड उतरलेलं.

"बाबा, एक जण हाय. मले नाही खेळाचं त्याच्यासंगं. काहीबी इचारते."

आता इथं बापानं डबा बंद करायचा की नाही? पण किसनराव पडला किसनराव! त्याने हेडफोन कानाला लावला.

"कोणाचा रे बापा तू?"

"तुमच्याच जिल्ह्यातला, काका." आवाज मोठा गोड.

"कोणतं गाव? केळापूर तं नाही?"

"हो काका, केळापूरच."

"मंग सदाशिवरावाचा नातू असशील!"

"हो, तोच."

"अरे, तं आपलाच हाय ना तू! तुह्या आजाच्या घरचे रोडगे खाल्ले म्या!"

गाव यानेच सांगितलं, आजा यानेच दिला. त्या लबाडाने नुसता होकार दिला. किसनराव मात्र खूश. हेडफोन लेकीला परत देत म्हणाला, "भाऊ लागते तो तुह्या नात्यानं. दादा म्हण त्याले. घरच्या माणसाले कायले भ्याचं?"

खुशीने आईकडे पाहिलं. शकुबाई खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलत राहिली. पोरगी गुमान टीव्हीपुढं जाऊन बसली.

त्यानंतर तिचं जेवण सुटलं. शाळेचं नाव काढलं की रडायची. "वयच तसं हाय," किसनराव म्हणायचा, आणि जाता-येता टीव्हीकडे बघून ओरडायचा, "दादाले रामराम सांग वं!"

मग महागावच्या बाजारात सदाशिवराव भेटला.

"नातू मोठा गोड बोलते तुमचा!"

"कोणता नातू?" म्हातारा बघतच राहिला. "मले तं दोन नातीच हायेत, किसनराव."

विकायला नेलेलं सोयाबीन तसंच टाकून किसनराव घरी आला. खुशीला जवळ बसवून विचारलं. तिने रडत रडत सारं सांगितलं. तो फोटो मागायचा. नाही म्हटलं की म्हणायचा, तुझ्या बाबांना सांगतो, तू घरच्या माणसाचं ऐकत नाहीस. तिने भिऊन एक पाठवला. मग तोच गावभर दाखवीन म्हणून आणखी मागत राहिला. नरकातही जागा न मिळो त्या मेल्याला!

"मंग मले काहून नाही सांगतलं, माय?"

"सांगतलं होतं ना, बाबा. पयलेच सांगतलं होतं."

शकुबाईने डोळ्यांना पदर लावला. किसनरावाला पोरीकडे बघवेना.

तिघं पोलिसांकडे गेले. साहेबांनी डबा ठेवून घेतला, लेकीला पाणी दिलं, धीर दिला. मग किसनरावाकडे वळून विचारलं, "कोण आहे हा? कुठला, कोणाचा, काही माहीत आहे?"

किसनरावाने तोंड उघडलं. केळापूर, सदाशिवराव, रोडगे. जे होतं ते सारं त्याचंच बोलणं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "काहीच माहीत नाही."

खुशीने आपली खुर्ची बापाजवळून हळूच ओढून आईच्या बाजूला घेतली.