कडा छाटलेलं पुस्तक

आमचे हे बाइंडर. पार चिंध्या झालेलं पुस्तक द्या, कोरं करकरीत करून परत देतील. प्रार्थनेतही तसेच काटेकोर. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, डोळे घट्ट मिटलेले, आणि एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. स्वतःचा चुकला तर ठीक आहे हो, पण माझा चुकला तरी! त्यावरून आमचं रोज वाजायचं.

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. खिडकीपाशी बसून प्रार्थनेचं पुस्तक उघडायच्या, मध्येच थांबायच्या आणि पेन्सिलीने समासात बारीक काहीतरी लिहायच्या. यांना ते लिहिणं कधी दिसलं नाही, फक्त थांबलेलं ऐकू यायचं. "आई, अर्ध्यावर सोडू नये," असं डोळे न उघडताच सांगायचे.

पुस्तक खिळखिळं झालं, तेव्हा यांनी आईला न सांगता ते दुकानात न्यायला घेतलं. मी पाहत होते. पेन्सिलीचं मला ठाऊक होतं. पण आदल्याच दिवशी एका शब्दावरून जुंपली होती आणि माझा अबोला चालू होता. म्हटलं, मी कशाला बोलू? त्याची मला आजही लाज वाटते.

यांनी जीव ओतून काम केलं. नवी शिवण, नवा पुठ्ठा. समासातल्या रेघोट्या म्हणजे मळ समजून तिन्ही कडा मशीनखाली साफ छाटल्या.

सासूबाईंनी पानं उलटली. कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"जे कळायचं नाही ते इथे विचारून ठेवायचे रे. चाळीस वर्षं."

यांचा चेहरा उतरला. "काय विचारलं होतंस, आई?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. वय झालं होतं. "आता नाही आठवत," म्हणाल्या. हे तसेच दुकानात धावले, पण कातरण सकाळीच रद्दीत गेलं होतं.

त्यानंतर दोन वर्षं त्या होत्या. रोज सगळी प्रार्थना म्हणायच्या, कुठेही न थांबता. यांना हवी होती तश्शी. हे शेजारी बसून ऐकायचे आणि डोळे पुसायचे.

आता खिडकीपाशी हे बसतात. तेच पुस्तक, हातात पेन्सिल. अख्खं पुस्तक तोंडपाठ आहे. काल मला हाक मारली.

"अगं, इतकी वर्षं म्हणतोय," म्हणाले, "पण मला विचारावंसं काहीच सुचत नाही."