भाच्याच्या हळदीत माझी कॅसेट

मला वेडी म्हणायला आमच्या घरात कुणालाच लाज वाटत नाही. पन्नाशी उलटलेली बाई कानाला हेडफोन लावून मेथी निवडते, आणि आत ना भावगीत ना अभंग, नुसतं धुक् धुक् धुक्. नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये नवरा रोज विचारतो, “मिक्सर चालू राहिलाय का गं?” आणि रोज स्वतःच हसतो. हसतील त्यांचे दात दिसतील. मी नव्वदच्या दशकातल्या रेव्ह पार्ट्यांची बाई आहे आणि जन्मात एकाही रेव्हला गेलेली नाही. घ्या!

माझा चुलतभाऊ तेव्हा ट्रकवर होता. आमच्याकडची द्राक्षं घेऊन गोव्याला जायचा. तिथे किनाऱ्यावर पार्ट्या चालायच्या, आणि डीजे जे वाजवायचा ते कुणीतरी टेप करून ठेवायचं. त्या टेपची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, अशा कॅसेटी तो आणायचा. घरात बाकीच्यांनी त्याला भाव विचारला, हवा विचारली. तिथं काय वाजत होतं, हे मी एकटीनं विचारलं, म्हणून कॅसेटी मला.

मखमलाबादच्या मळ्यात विहिरीच्या मोटारीची खोली होती. तिथे मी पहिल्यांदा टेप लावला तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, हातात पाना घेऊन बागेतून पळत आले. “बेरिंग गेलं का काय मोटारीचं?” वाकून मोटारीला कान लावला. मोटार बंद होती. मी टेपकडे बोट दाखवलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच बिघडले होते!

काय होतं त्यात? सांगते. माझ्या लाडक्या कॅसेटीत सुरुवातीलाच एक कुत्रं भुंकायचं, कुणीतरी शिट्टी मारायचं, मग ठोका. आमच्या घरात पोरीनं मोठ्यानं हसलेलं चालत नसे. आणि त्या टेपमध्ये, ढोलासारखा ठोका चढत जायचा तेव्हा, लांब कुठेतरी बायका ओरडायच्या, मोकळ्या गळ्यानं, आनंदानं. मला तिथे जाऊन नाचायचं होतं. बाकी काही नको होतं मला. मी खताच्या गोणीवर बसून दार लावून फक्त पाय हलवायचे. उभी कधी राहिले नाही. कुणी बघितलं असतं तर लग्नाच्या पोरीचं काय झालं असतं, हे सांगायला नको.

मग एकदा इगतपुरीला मावशीकडे राहून परत आले, तर बागेत माझ्या कॅसेटी टांगलेल्या. द्राक्षात साखर भरली की पाखरं तुटून पडतात. तेव्हा जुन्या कॅसेटीतली फीत उकलून ओळींवरून ताणून बांधायची. ती उन्हात चमकते, वाऱ्यात घोंघावते, पाखरं फिरकत नाहीत. सगळं गाव करायचं. आप्पा मुळात जपून वागणारा माणूस. त्यांनी घरातली एकेक कॅसेट आधी लावून बघितली होती. ज्यात गाणं होतं ती पेटीत ठेवली. माझ्या सगळ्या बागेत.

“यात गाणंच नाय,” ते म्हणाले. “कुणी गातच नाय. नुसता धबधब आवाज. म्हटलं, खराब झाल्यात.”

मी दोन दिवस जेवले नाही. आई म्हणाली, “काय बाई तरी! फितीसाठी कुणी अन्नावर राग काढतं का?” ज्याचं जळतं त्याला कळतं. आप्पांनी मुद्दाम केलं नाही, हे तेव्हाही कळत होतं मला. पण कॅसेट आहे कोणाची, पोरगी परत येईपर्यंत थांबावं का, एवढा साधा प्रश्न त्या घरात कुणाच्या मनात आला नाही. त्याचा राग आला होता. अजून आहे. वारा सुटला की माझा गोवा बागेभर घूं घूं करायचा.

लग्न झालं, नाशिक रोडला आले, पोरगी मोठी झाली. आणि अलीकडे बघते तर काय, जगभरातल्या माझ्यासारख्याच येड्यांनी आपापल्या पेट्यांतून त्या पार्ट्यांच्या कॅसेटी काढून इंटरनेटवर चढवलेल्या! रोज एक सेट, म्हणजे एका डीजेची एक कॅसेट, ऐकायचा असा मी नेमच धरला. एका दुपारी एक सेट सुरू झाला आणि पहिल्यांदा एक कुत्रं भुंकलं. मग कुणीतरी शिट्टी मारली. मग ठोका. माझीच कॅसेट! मी ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. दूध उतू गेलं, गॅस नवऱ्यानं बंद केला.

“कुणी गेलं का?” त्यानं घाबरून विचारलं.

“गेलं नाही. आलं,” मी म्हटलं.

त्याच दिवशी ठरवलं, यावर आपण नाचणार. हेडफोनात नाही. मोठ्यानं, चारचौघांत, आप्पांच्या मळ्यात. एकदा तरी. नाही नाचले तर मरताना तेवढंच डोक्यात राहील.

मळ्यात भाच्याची हळद व्हायची होती. आमच्याकडे हळदीला डीजे हवाच, स्पीकरच्या खोक्यांची भिंत उभी राहते. धाकट्या भावाचा फोन आला, “ताई, आत्याच्या मानाची पैठणी कुठल्या रंगाची घेऊ?”

“पैठणी नको. हळदीत माझं गाणं लागलं पाहिजे. मी नाचणार आहे.”

“कुठलं? ते तुझं धुकधुक? ताई, सोयरे येणारेत. लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे. नाहीतर मी येत नाही.”

लग्नात आत्या रुसली की काय होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मांडवात आत्या का नाही, हे प्रत्येक माणूस विचारतो. भावालाही ते ठाऊक होतं.

“बरं. पण एकच गाणं. नंतर हट्ट नाही.”

“एकच. शब्द देते.”

हळदीच्या दिवशी ऊन उतरल्यावर डीजेवाल्याला पेनड्राइव्ह दिला. चांगला दोन लेकरांचा बाप, मिशाळ माणूस. “आत्या, यात एकच फाइल दिसते.”

“तीच लाव.”

कुत्रं भुंकलं, तसं पंगतीकडची दोन खरी कुत्री उठली. ठोका सुरू झाला. हळदीनं माखलेल्या बायका हात वर धरून माझ्याकडे बघायला लागल्या. माझे कान तापले. लाज वाटली हो, का खोटं सांगू? वाटलं, फिरावं मागे, बायकांत जाऊन बसावं. मग पदर खोचला.

कसं नाचतात ते कुणी शिकवलं नव्हतं, तेव्हा आलं तसं नाचले. गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं, बस गप. भावजयीनं तोंडाला पदर लावला. भाचा पाटावरून शिट्ट्या मारत होता. आप्पा खुर्चीत पुढे झुकून शेजाऱ्याला विचारत होते, “गायला कधी लागनार पन?” मी हात वर केले आणि ओरडले. मोकळ्या गळ्यानं. इतक्या वर्षांचं काय काय होतं त्यात, माझं मलाच माहीत.

भाऊ मशीनपाशी जाऊन उभा होता, गाणं संपलं की बंद करायला. बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! डीजेच्या सेटमध्ये एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या खालून सरकत येतं. सांधा कळत नाही. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसते. दीड तास.

तो वाट बघत राहिला. घड्याळ बघितलं. सोयऱ्यांकडे बघितलं. शेवटी गर्दीतून माझ्याजवळ आला आणि कानाशी ओरडला, “ताई! एकच गाणं ठरलं होतं!”

“हो ना,” मी धापा टाकत म्हटलं. “संपलं की सांग.”